घरखर्चाची वही कोणाच्या हाती?

महागाई वाढली की उपदेशकांचे पेव फुटते. हॉटेलात कमी जा, सहली पुढे ढकला, दुसरी गाडी घेऊ नका, असे सल्ले सुरू होतात. हे सल्ले कोणासाठी असतात? ज्यांच्या घरी दुसरी गाडी घेण्याचा प्रश्न पडतो त्यांच्यासाठी. बिगारी काम करणारा, सफाई कामगार, घरकाम करणारी बाई, कंत्राटी शिपाई, रिक्षावाला यांनी नेमके काय कमी करायचे? डाळ पातळ करायची की मुलाचे दूध बंद करायचे? असा प्रश्न आपल्या वस्तीत कोणी विचारला तर तो रास्तच आहे.

आकडे हेच सांगतात. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीत देशाच्या शहरी भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,४५९ रुपये आढळला. अनुसूचित जातींचा शहरी सरासरी खर्च मात्र ५,३०७ रुपये, म्हणजे सर्व समाजगटांत सर्वांत कमी. जो गट मुळातच सर्वांत कमी खर्च करतो त्याला काटकसरीचे धडे देणे ही क्रूर थट्टा आहे. तरीही घरखर्चाचा विषय आपण सोडून देता कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण काटकसर आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काटकसर म्हणजे असलेल्यातून कमी खाणे. हिशेब म्हणजे आपल्या घामाचा पैसा कोणत्या वाटेने आणि कोणाच्या घरी जातो, हे शोधून काढणे. पहिली गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या केली. दुसरी मात्र आपल्याला कधी करू दिली गेली नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर जो ग्रंथ लिहिला त्याचा गाभाच हा होता की, रुपयाची परदेशी चलनातील किंमत स्थिर राखण्यापेक्षा देशात त्या रुपयाची क्रयशक्ती स्थिर राहणे महत्त्वाचे आहे. सामान्य माणसाच्या भाषेत सांगायचे तर, हातात रुपये किती आले यापेक्षा त्या रुपयांत बाजारातून काय येते, हा खरा प्रश्न. हाच प्रश्न घराच्या पातळीवर विचारला की अनेक गोष्टी उघड होतात.

समजा, चार जणांचे एक कुटुंब आहे. नवरा-बायको दोघे मिळून महिन्याला २२,००० रुपये कमावतात. त्यांचा खर्च कागदावर मांडून पाहू.

पहिली नोंद मोबाइलची. घरात तीन फोन आहेत आणि प्रत्येकाला सुमारे ३०० रुपयांचा २८ दिवसांचा रिचार्ज लागतो, असे धरू. आपण त्याला 'महिन्याचा रिचार्ज' म्हणतो. पण २८ दिवस म्हणजे महिना नव्हे. ३६५ दिवसांत असे १३ रिचार्ज होतात. तीन फोनांचे वर्षाला ११,७०० रुपये झाले, त्यातले ९०० रुपये केवळ त्या तेराव्या 'महिन्याचे'. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२२ साली प्रत्येक कंपनीला किमान एक योजना ३० दिवसांची आणि एक योजना दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारी ठेवायला लावली. डिसेंबर २०२४ मध्ये फक्त बोलणे आणि संदेश यांसाठी, म्हणजे इंटरनेटशिवायची योजना देणेही बंधनकारक केले. म्हाताऱ्या आईच्या साध्या फोनवर इंटरनेटचा पैसा भरायचे कारण उरलेले नाही. पण दुकानदार या योजना स्वतःहून सांगेल का? त्या विचाराव्याच लागतात.

दुसरी नोंद विजेची. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर आणि त्यापुढच्या युनिटांना जवळजवळ दुप्पट दर लागतो. म्हणून शंभरच्या वर गेलेले प्रत्येक युनिट महाग पडते. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो. रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट होतात. नव्या बीएलडीसी पंख्याला ३० वॅटच्या आसपास वीज पुरते, म्हणजे महिन्याला ११ युनिटांपेक्षा कमी. एका पंख्यामागे १६ युनिटांचा फरक! याचा अर्थ आजच कर्ज काढून पंखे बदला, असा नाही. जुना पंखा जळाला की तो पुन्हा पुन्हा गुंडाळून घेण्याऐवजी त्या वेळी हा हिशेब आठवा, एवढेच.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची गोष्ट आणखी वाईट. चार खोल्यांचा एकच मीटर असला की सर्वांचा वापर एकत्र होऊन वरच्या दरात जातो आणि घरमालक सर्व युनिटांना तोच वरचा भाव लावतो. ज्याच्या खोलीत एक पंखा आणि दोन दिवे आहेत तो फ्रीज-गीझरवाल्याच्या दराने पैसे भरतो. गरीब माणूस तीच वस्तू श्रीमंतापेक्षा महाग घेतो, हा या व्यवस्थेचा अलिखित नियमच आहे. तेल पुडीतून, साखर पावशेराने, पैसा रोजाच्या व्याजाने! म्हणून खोली घेतानाच मीटर स्वतंत्र आहे काय, हे विचारले पाहिजे आणि सामाईक असेल तर मूळ बिल दाखवायला सांगितले पाहिजे. गॅस सिलिंडर घरपोच आणणारा जादा पैसे मागतो तेव्हाही पावती पाहावी. वितरकाच्या ठरलेल्या हद्दीत घरपोच पोहोचविण्याचा आकार पावतीवरच्या किमतीतच धरलेला असतो.

तिसरी नोंद सर्वांत मोठी आणि सर्वांत लपवलेली. ती कर्जाची. आज वस्तीवस्तीत बचत गटाच्या नावाखाली मायक्रोफायनान्सचे एजंट फिरतात. 'बारा टक्के फ्लॅट' असे सांगून ४०,००० रुपये दोन वर्षांसाठी दिले जातात. व्याज ९,६०० रुपये, म्हणजे फार नाही असे वाटते. पण आपण मुद्दल दर महिन्याला फेडत असतो आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ४०,००० वर लागते. घटत्या मुद्दलावर मोजले तर हा दर २१ टक्क्यांच्या वर जातो. एक हप्ता भरण्यासाठी दुसऱ्या कंपनीचे कर्ज, दुसऱ्यासाठी तिसऱ्याचे आणि शेवटी खासगी सावकार. शेकडा १० रुपये महिना म्हणजे वर्षाला १२० टक्के! राज्यात विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी तो धंदा भरदिवसा चालतो.

रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२२ पासूनचे नियम प्रत्येक भगिनीला पाठ असले पाहिजेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज हे सूक्ष्म कर्ज मानले जाते. अशा कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. म्हणजे आपल्या या कुटुंबाची मर्यादा ११,००० रुपये. कर्ज देताना खरा वार्षिक दर दाखवणारे माहितीपत्रक देणे सक्तीचे आहे. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास दंड घेता येत नाही. वसुली दोघांनी मिळून ठरविलेल्या जागी करायची आणि कर्जदार लागोपाठ दोनदा तेथे आला नाही तरच वसुली करणाऱ्याने घरी यायचे. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुली करता येत नाही. दारात बसून शिवीगाळ करणे तर सर्वस्वी बेकायदेशीर आहे. हे नियम माहीत नसल्यामुळे कित्येक घरांतल्या बाया हप्त्याच्या दिवशी दाराला कुलूप लावून शेजारी लपतात. लाज त्यांनी का बाळगावी? नियम मोडणाऱ्याला ती वाटली पाहिजे.

चौथी नोंद लिहिताना पुरुष मंडळींच्या भुवया उंचावतील. खर्रा, तंबाखू आणि दारू. रोज ४० रुपयांचा खर्रा म्हणजे वर्षाला १४,६०० रुपये. वर सांगितलेल्या तिन्ही फोनांच्या खर्चापेक्षा जास्त! दारूचा आकडा मी लिहीत नाही, तो ज्याचा त्याने लिहावा. तथागत बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला संपत्तीनाशाची जी द्वारे सांगितली त्यांत व्यसनाचा समावेश आहे. त्याच सुत्तात मिळकतीचे चार भाग करून एक भाग उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि एक अडचणीच्या काळासाठी राखण्याचा उपदेश आहे. २२,००० रुपयांत चौथा हिस्सा बाजूला पडणार नाही, हे मान्य. पण ५०० रुपये तरी पडावेत, कारण अडचण आपल्याला विचारून येत नाही.

पाचवी नोंद लग्नाची. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात भटजीविना, अल्प खर्चात पहिला सत्यशोधक विवाह लावला. आपला बौद्ध विवाहविधी तर अर्ध्या तासात आटोपणारा. मग त्याभोवती दोन दिवसांची हळद, डीजे, लॉन, हजार पानांचे जेवण कोठून आले? ज्यांच्या रूढी आपण नाकारल्या त्यांच्या थाटाची नक्कल कशासाठी? एका रात्रीच्या मिरवणुकीचे हप्ते नवे जोडपे तीन वर्षे फेडत राहते आणि धाकट्या बहिणीची फी थकते. हा प्रश्न कडू आहे, पण तो आपणच आपल्याला विचारला पाहिजे.

आता कोणी म्हणेल, 'तुम्ही सरकारला मोकळे सोडता आणि गरिबालाच हिशेब विचारता.' आक्षेप योग्य आहे. शिक्षण महाग केले, कायम नोकऱ्या कंत्राटी केल्या, वेतन वाढले नाही, याचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. परंतु हिशेबाची वही हेच त्या लढाईचे हत्यार आहे. जे हक्काचे आहे ते आपण घेतो का? अन्नसुरक्षा कायद्यातील प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. ते पूर्ण मापाने मिळते का? सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. तरी तापासाठी आपण थेट खासगी दवाखान्यात जातो का? शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के प्रवेश, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृह न मिळालेल्यांसाठीची स्वाधार योजना यांचे अर्ज मुदतीत भरले का? वर्षाला २० आणि ४३६ रुपयांचे सरकारी विमे दोन बँक खात्यांतून दोनदा कापले जातात का? एका व्यक्तीला एकाच खात्यातून विमा लागू होतो, दुसरा हप्ता वाया जातो. हे सारे त्या वहीत येते. न घेतलेली शिष्यवृत्ती हाही खर्चच आहे.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. घरखर्च कमी करायचा म्हटले की पहिली कात्री आईच्या ताटाला लागते. ती शेवटी जेवते, उरलेले खाते, औषध टाळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या शंभरांतल्या ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. माता रमाईने अपार हालअपेष्टा सोसून संसार चालवला, त्यापुढे आपण नतमस्तक होतो. पण त्या त्यागाचा अर्थ 'बाईने उपाशी राहून घर वाचवावे' असा काढणे हा रमाईचा अपमान आहे. तशी वेळ पुन्हा कोणत्याही मातेवर येऊ नये, हा त्यातला धडा. म्हणून नियम एकच ठेवावा. आहार, औषध आणि शिक्षण या तीन नोंदींना हात लावायचा नाही. कात्री बाकी ठिकाणी चालवायची. आणि वही एकट्या पुरुषाच्या खिशात राहणार नाही. कमावणाऱ्या बाईला नवऱ्याच्या कर्जाचा आकडा माहीत नसेल आणि तिच्या गटाच्या कर्जावर त्याने नुसता अंगठा टेकवला असेल, तर त्या घरात लोकशाही नाही.

हे काम एकेकट्याने होणार नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत विहार आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर एक तास वहीसाठी द्यावा. विजेचे बिल, कर्जाचे माहितीपत्रक, रेशनची पावती घेऊन यावे. वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलींनी ते वाचून, गणित मांडून दाखवावे. बँकेत काम केलेले आणि शिक्षक म्हणून निवृत्त झालेले बांधव प्रत्येक गावात आहेत. त्यांनी पुढे यावे. ज्याच्या बिलात चूक आहे त्याचा तक्रार अर्ज तिथेच लिहावा आणि सोमवारी पाच जणांनी मिळून नेऊन द्यावा. एकट्याच्या अर्जाला कचऱ्याची टोपली दाखवतात, पाच जणांच्या अर्जाला पोच मिळते.

शे-दोनशे पानांची वही ५०-६० रुपयांना येते. या महिन्याच्या खर्चात एवढी एक नोंद वाढवायला हरकत नाही.