नव्या गावातले बिऱ्हाड

समाजमाध्यमावर खाते उघडणे एव्हाना दुकानात शिरण्याइतके सोपे झाले आहे. नाव, दूरध्वनी क्रमांक आणि पासवर्ड दिला की दार उघडते. आत पाऊल ठेवताच कोणाचे छायाचित्र पाहावे, कोणाचे भांडण वाचावे, हे सारे कोणीतरी आपल्यासाठी आधीच मांडून ठेवलेले असते. ‘मॅस्टोडॉन’सारख्या विकेंद्रित समाजमाध्यमाच्या दारात मात्र नवा माणूस अडखळतो. तेथे त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो तो असा : आपण कोणत्या सर्व्हरवर राहणार?

या प्रश्नाने गोंधळून दारातूनच परत फिरणारे पुष्कळ आहेत. साधे खाते उघडण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, अशी त्यांची तक्रार असते. माझ्या मते हा प्रश्न म्हणजेच त्या व्यवस्थेचा गाभा आहे. जो तो टाळून पुढे जातो, तो नव्या गावात जाऊनही जुन्याच घरमालकाला शोधत राहतो.

विकेंद्रित म्हणजे काय, हे समजण्यासाठी दूरध्वनीचे उदाहरण पुरेसे आहे. आपला मोबाईल एका कंपनीचा आणि मित्राचा दुसऱ्या कंपनीचा असला, तरी दोघांचे बोलणे अडत नाही. कारण सर्व कंपन्या काही समान नियम पाळतात. प्रचलित समाजमाध्यमांवर अशी सोय सहसा नसते. एका कंपनीच्या माध्यमावरील माणसाशी बोलायचे, तर त्याच कंपनीचे खाते काढावे लागते. जर्मनीतील तरुण संगणकतज्ज्ञ ऑयगेन रोख्को यांनी २०१६ मध्ये मॅस्टोडॉन लोकांपुढे आणले, ते ही भिंत नको म्हणून. त्याचा सर्व्हर कोणालाही चालवता येतो : एखाद्या संस्थेला, मित्रमंडळाला, अगदी एकट्या माणसालाही. असे हजारो सर्व्हर एकमेकांशी बोलतात. ज्या समान नियमांच्या आधारे ते बोलतात, त्यांचे नाव ‘ॲक्टिव्हिटीपब’. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम या जागतिक संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये त्यांना मान्यता दिली. म्हणूनच मॅस्टोडॉनवरील पत्त्याला दोन भाग असतात, एक आपले नाव आणि दुसरा सर्व्हरचे नाव. टपालाच्या पत्त्यात माणसाबरोबर गावही लिहावे लागते, तसेच हे.

एवढ्याने काय साधले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच देशाच्या अनुभवात सापडते. भारतात एके काळी ‘ऑर्कुट’ घरोघरी पोहोचले होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी मालक कंपनीने ते बंद केले. मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिण्याची सोय देणारे ‘कू’ हे देशी माध्यम जुलै २०२४ मध्ये आवरते घेतले गेले. लिहिणाऱ्यांचा यात काही अपराध नव्हता. घर त्यांचे नव्हते, इतकेच. कधी घर शाबूत राहते आणि भाडेकरूलाच बाहेर काढले जाते. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये रोखण्यात आले. कारण ठरले एक जुने छायाचित्र. हिटलरच्या काळात जमाव सलामी देत असताना हाताची घडी घालून उभ्या राहिलेल्या एका माणसाचे ते छायाचित्र होते. त्यानंतर खाते पुन्हा रोखले गेले, तेव्हा नोव्हेंबरमध्ये अनेक भारतीयांनी निषेध म्हणून मॅस्टोडॉनची वाट धरली. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतले आणि मॅस्टोडॉन महिन्यातून एकदा तरी वापरणाऱ्यांची जगभरातील संख्या दोन महिन्यांत सुमारे ३ लाखांवरून २५ लाखांवर गेली.

दोन्ही वेळा आलेल्यांपैकी बरेच जण पुढे परतले. ते रागाने आले होते. राग माणसाला घराबाहेर काढू शकतो, पण नवे घर मांडण्याचे धीमे काम त्याच्या हातून होत नाही.

तर मग सर्व्हर निवडावा कसा? घर भाड्याने घेताना आपण जी चौकशी करतो, तीच येथे करावी. प्रत्येक सर्व्हरचे एक माहितीपान असते. त्यावर तेथील नियम, संचालकाचे नाव आणि संपर्काची सोय दिलेली असते. नियम वाचावेत. ते अवघे दोन ओळींचे व गुळमुळीत असतील, तर वाद उद्भवल्यावर न्याय कोणत्या आधारे होणार, याचा विचार करावा. खर्च कोण भागवतो, हेही पाहावे. बहुतेक सर्व्हर जाहिराती घेत नाहीत. देणग्यांवर आणि संचालकाच्या पदरमोडीवर चालतात. महिन्याकाठी जमाखर्च मांडणारा संचालक मला अधिक विश्वासार्ह वाटतो. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येणाऱ्या सर्व्हरांना काही वचने द्यावी लागतात. द्वेषमूलक लिखाणाला आळा घालणे, रोजच्या रोज नोंदींची प्रत राखणे, आणीबाणीच्या प्रसंगी सर्व्हर उघडू शकेल असा आणखी एक तरी माणूस नेमणे, आणि बंद करायचे झाल्यास किमान तीन महिने आधी कळवणे. आपल्याकडे घरभाड्याच्या करारातही इतकी मुदत क्वचितच मिळते!

काही सर्व्हर खाते देण्यापूर्वी ‘आपण येथे का येऊ इच्छिता?’ असे विचारतात. पुष्कळांना हा उद्धटपणा वाटतो. मला त्यात शेजारधर्म दिसतो. विचारपूस न करता कोणालाही आत घेणाऱ्या घरात पुढे जो गोंगाट माजतो, तो आपण इतरत्र भोगलेलाच आहे. शिवाय सर्व्हरचा संचालक केवळ माणसांनाच नव्हे, तर उपद्रवी सर्व्हरांनाही दार बंद करू शकतो. जुलै २०१९ मध्ये ‘गॅब’ हे अतिरेकी विचारांसाठी कुप्रसिद्ध असलेले माध्यम मॅस्टोडॉनच्याच सॉफ्टवेअरवर आले, तेव्हा बहुसंख्य सर्व्हरांनी त्याच्याशी बोलणेच थांबवले. कोणत्याही एका मालकाचा हुकूम त्यासाठी लागला नाही.

अलीकडे निवडीची ही डोकेदुखी कमी करण्याचा प्रयत्न झाला आहे. २०२३ मध्ये अधिकृत ॲपने एका मोठ्या सर्व्हरचे नाव नवागतापुढे आपणहून ठेवण्यास सुरुवात केली. दुसरा हवा असेल तर शोधा, अशी मुभा राहिली. हेतू चांगला होता, तरी मला ही सोय खटकते. सगळेच एका घरात दाटीवाटीने राहू लागले, तर विकेंद्रित हे विशेषण नावापुरते उरेल. अगदी घाई असेल तर तेथे उतरावे. परंतु ती धर्मशाळा समजावी आणि कायमचे घर शोधत राहावे.

खाते उघडले की दुसरा धक्का बसतो. पडदा रिकामा असतो. आपल्याला काय आवडेल, हे ठरवून पुढे ढकलणारी यंत्रणा मुख्य पानावर नाही. आपण ज्यांचे अनुसरण करतो, त्यांचेच लिखाण तेथे वेळेच्या क्रमाने दिसते. तेव्हा पहिली हालचाल आपणच करावी लागते. आपण कोण, काय करतो, कशात रस आहे, हे चार ओळींत लिहावे. शेती, विणकाम, चित्रपट, परीक्षेची तयारी, जो विषय असेल त्याचा हॅशटॅग जोडावा, कारण अनोळखी माणसे मुख्यतः त्याच खुणेवरून आपल्यापर्यंत पोहोचतात. हॅशटॅगचेही अनुसरण करता येते. आवडलेल्या लिखाणाला नुसती पसंती दिली, तर ती लेखकाला कळते, पण लिखाण त्यामुळे पुढे जात नाही. ते इतरांपर्यंत जावे असे वाटत असेल, तर ‘बूस्ट’ करावे लागते. वाचणाऱ्यावर अशी थोडी जबाबदारी टाकणारे माध्यम मला त्याच्या सर्व गैरसोयींसह अधिक प्रौढ वाटते.

गैरसोयी आहेतच, आणि त्या झाकून ठेवणे योग्य नाही. आपले खासगी संदेश सर्व्हरचा संचालक तांत्रिकदृष्ट्या वाचू शकतो; म्हणून बँकेची माहिती वा घरातील गुपिते तेथे लिहू नयेत. पुसून टाकलेले लिखाण दुसऱ्या सर्व्हरवरून पुसले जाईलच, याची हमी नाही. सर्व्हरही नाहीसा होऊ शकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या नावाने नोंदलेला इंटरनेट-पत्ता वापरणारा एक सर्व्हर असाच बंद पडला, कारण तालिबान राजवटीच्या मंत्रालयाने तो पत्ता रद्द केला. तेथील सदस्यांचा त्या देशाशी संबंध नव्हता. पत्त्याची अक्षरे तेवढी तिकडची होती.

अशा वेळी उपयोगी पडते ती स्थलांतराची सोय. जुने खाते नव्या सर्व्हरकडे वळवले की आपले अनुयायी आपोआप नव्या पत्त्यावर येतात, आणि आपण ज्यांचे अनुसरण करतो त्यांची यादीही उतरवून नेता येते. २०११ च्या जानेवारीपासून भारतभर मोबाईलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, त्याची येथे आठवण होते. फरक इतकाच की येथे पत्ता बदलतो आणि माणसे टिकतात. जुने लिखाण मात्र मागेच राहते. शिवाय हे सारे जुना सर्व्हर जिवंत असेपर्यंतच साधते. तेव्हा यादीची प्रत अधूनमधून आपल्याजवळ उतरवून ठेवावी; विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, तसे.

मराठी माणसासाठी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पत्त्यातील नाव रोमन अक्षरांतच घ्यावे लागते, पण दर्शनी नाव देवनागरीत लिहिता येते. प्रत्येक लेखनाबरोबर त्याची भाषा नोंदवण्याची सोयही आहे. ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही आणि मराठी मजकूर इंग्रजी म्हणून नोंदला जातो. मग ज्याने केवळ मराठी लेखन पाहायचे ठरवले आहे, त्याच्यापर्यंत तो पोहोचतच नाही. इंदूर, बडोदे, बेळगाव किंवा दिल्लीत राहून मराठीत लिहू पाहणाऱ्याने खाते उघडल्यावर सेटिंगमध्ये जाऊन आधी भाषा ‘मराठी’ करावी, आणि मग परिचयाच्या त्या चार ओळी लिहाव्यात.