वजन घटवण्यासाठी परदेशात ऑपरेशन: पॅकेजमध्ये काय नसतं?

मोबाइलवर 'वजन कमी करण्याचं ऑपरेशन' शोधलं की तुर्कस्तान, थायलंडची पॅकेजेस दिसतात. विमान, हॉटेल, ऑपरेशन सगळं एकत्र. धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्यात बसूनही इस्तंबूल जवळ वाटू लागतं. पण याच ऑपरेशनसाठी परदेशी रुग्ण मुंबईत येतात.

गाजलेलं उदाहरण

फेब्रुवारी 2017 मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना मुंबईत आणलं गेलं. त्यांचं वजन सुमारे 500 किलो असल्याचं सांगितलं जात होतं. मार्चमध्ये सैफी रुग्णालयात त्यांचं ऑपरेशन झालं. पुढे उपचारांवरून बहीण आणि डॉक्टरांमध्ये वाद झाला. मे महिन्यात इमान यांना अबू धाबीला हलवलं. सप्टेंबरमध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. ऑपरेशन एका दिवसाचं असलं, तरी उपचार तिथे संपत नाहीत, हे या प्रकरणातून दिसलं.

नंतर काय?

'स्लीव्ह' ऑपरेशनमध्ये जठराचा मोठा भाग कायमचा काढतात. त्यानंतर आयुष्यभर जीवनसत्त्वं आणि रक्ततपासण्या लागतात. टाक्यांतून गळती किंवा जंतुसंसर्ग घरी परतल्यावरही होऊ शकतो. मेक्सिकोतल्या तिहुआनात ऑपरेशन करून आलेल्या अमेरिकी रुग्णांमध्ये औषधांना दाद न देणारा संसर्ग आढळला होता. 2019 मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने त्याबद्दल इशारा दिला.

विम्याचं काय?

भारतात बीएमआय 40 किंवा जास्त असेल, अथवा 35 सोबत गंभीर आजार असेल, तर अटींनुसार विमा मिळू शकतो. पॉलिसी नीट वाचा.

दर विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: महिन्याभराने नरडाण्यात रात्री ताप चढला, पोट दुखू लागलं, तर फोन कोणाला करायचा?