पेशीतील संपादक

प्रथिने म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर वरणाची वाटी आणि दुधाचा पेला येतो. १९३३ साली कमला भागवत, म्हणजेच पुढे नामांकित झालेल्या कमला सोहोनी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाल्या. स्त्री म्हणून त्यांना आधी प्रवेश नाकारला गेला होता. तो त्यांनी आग्रहाने मिळवला आणि तेथे दूध व डाळींतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्याच संस्थेत आज यीस्टच्या पेशींवर प्रयोग करून निराळ्याच प्रथिनांचा शोध घेतला जात आहे. त्यांची आपण ओळख करून घेऊ.

पेशीच्या केंद्रकात आनुवंशिक मजकुराची मूळ पोथी असते. ती जागची हलत नाही. हव्या त्या भागाची नक्कल तेवढी उतरवली जाते. ही नक्कल म्हणजे आर.एन.ए. तिला काही प्रथिने येऊन चिकटतात. ती अनावश्यक मजकूर कापून उरलेला जोडतात. नक्कल केव्हा वाचायची आणि केव्हा नष्ट करायची, हेही ठरवतात. नकलेवरून नवे प्रथिन बनण्याच्या क्रियेला शास्त्रज्ञ ‘भाषांतर’ असेच म्हणतात. भाषांतर व संपादन हा प्रस्तुत लेखकाचा रोजचा व्यवसाय. एक ‘न’ गळाला तर आज्ञेचा अर्थ कसा उलटतो, हे त्याला चांगले ठाऊक आहे.

फुप्फुसाच्या काही कर्करोगांत असाच प्रमाद घडतो, असे दिसते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या रोगाच्या एका नेहमी आढळणाऱ्या प्रकारातील २३० गाठी तपासल्या होत्या. त्यांपैकी शेकडा सुमारे ८ गाठींत आर.बी.एम. १० या संपादक प्रथिनाचा जनुक बिघडलेला आढळला. हे प्रथिन शाबूत असता नकलांची काटछाट अशी होते, की पेशींच्या वाढीला आळा बसतो. ते निकामी झाल्यास तो आळा सैल पडतो.

या ज्ञानातून औषध निघण्यास मात्र अवकाश आहे. तोवर आपल्या हाती आहे ते आपण करावे. तंबाखूचा धूर मूळ पोथीच बिघडवतो. म्हणून विडी-सिगारेट घरातून हद्दपार करावी. धूम्रपान न करणाऱ्यांनाही हा रोग होतो, हेही विसरू नये. खोकला तीन आठवड्यांत थांबला नाही किंवा थुंकीतून रक्त पडले, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. आपल्याकडे हा खोकला क्षयाचा समजून कित्येकदा मोलाचे महिने निघून जातात. क्षयाच्या औषधांनी उतार पडत नसेल, तर पुढील तपासणी आग्रहाने मागावी. हा आग्रह उद्धटपणा नव्हे; त्याने कदाचित घरातील एक माणूस वाचेल.