रुपये दिसतात, मुले दिसत नाहीत

मुंबई महापालिकेच्या शिक्षण अर्थसंकल्पाला विद्यार्थ्यांचे चित्र जोडले पाहिजे. कायदा तेच सांगतो आणि त्यासाठी लागणारी माहितीही सरकारदरबारी जमा आहे.

फेब्रुवारी 2025 मध्ये मुंबई महापालिकेने शिक्षण विभागाचा 2025-26 या वर्षाचा अर्थसंकल्प मांडला, तो 3,955 कोटी रुपयांचा. आदल्या वर्षी हाच आकडा 3,497 कोटी होता. एका वर्षात साडेचारशे कोटींची वाढ ही लहान गोष्ट नव्हे. पण पालिकेच्या एकूण अर्थसंकल्पाशी ताडून पाहिले की चित्र पालटते. 2022-23 मध्ये एकूण 45,949 कोटींच्या तुलनेत शिक्षणाला 3,370 कोटी होते, म्हणजे रुपयामागे सात पैशांहून थोडे अधिक. 2025-26 मध्ये एकूण आकडा 74,427 कोटींवर गेला आणि शिक्षणाचे प्रमाण सव्वापाच पैशांच्या आसपास आले. मधल्या 2023-24 या वर्षी तर शिक्षणाची तरतूद आदल्या वर्षाहून कमी, 3,347 कोटी झाली होती. किनारी रस्ता, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता, सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांच्या भांडवली खर्चाने एकूण अर्थसंकल्प वाढला, हे खरे. ती कामेही शहराला हवीच आहेत. तरीही देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेत शाळेचा वाटा वर्षागणिक आक्रसतो आहे आणि त्याची झडझडून चर्चा होत नाही, ही बाब गंभीर आहे.

मात्र आमची मुख्य तक्रार या टक्केवारीबद्दल नाही. ज्या मुलांसाठी हा पैसा आहे ती मुले या दस्तऐवजात सापडत नाहीत, ही ती तक्रार आहे. शाळा किती, विद्यार्थी किती, कोणत्या माध्यमात किती, एवढी बेरीज मिळते. त्यापुढे सुरू होतात त्या वस्तू आणि योजना. विद्यार्थ्यांना मोफत दिल्या जाणाऱ्या 27 वस्तू, टॅब, व्हर्च्युअल क्लासरूम, ई-वाचनालय, खगोल प्रयोगशाळा, कौशल्य प्रयोगशाळा. यातली एकही गोष्ट वाईट नाही. गणवेश, दप्तर, रेनकोट वेळेवर मिळाले तर हजारो घरांचा जूनमधला भार हलका होतो आणि तो व्हायलाच हवा. पण एखादी योजना कोणत्या मुलांची कोणती अडचण ओळखून आखली, याचा उल्लेख शोधूनही सापडत नाही. पालिकेच्या शाळांत ढोबळमानाने सव्वातीन लाख मुले शिकतात. तरतुदीला या संख्येने भागले तर मुलामागे लाखाहून अधिक रुपये येतात आणि हा भागाकार पुढे करून ‘एवढा खर्च होतो, मग निकाल कुठे’ असे विचारले जाते. तो भागाकार फसवा आहे. त्या लाखात निवृत्त शिक्षकांचे निवृत्तिवेतन आहे, खासगी अनुदानित शाळांचे अनुदान आहे, इमारतींची दुरुस्ती आहे. शिवाय राज्य सरकारकडे पालिकेची शिक्षण अनुदानाची हजारो कोटींची थकबाकी आहे. सरासरीने कोणतेही खरे मूल डोळ्यांपुढे येत नाही.

खरे मूल पाहायचे तर एम-पूर्व विभागात जावे लागेल. गोवंडी, बैंगनवाडी, शिवाजीनगर, मानखुर्द. एका बाजूला देवनारचे कचऱ्याचे डोंगर, दुसऱ्या बाजूला दहा बाय दहाची घरे. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवरची साथ आली तेव्हा ती आधी इथेच उफाळली. इथल्या शाळांत मुले दाटीवाटीने बसतात, विशेषतः उर्दू माध्यमात. याउलट दक्षिण मुंबईतल्या जुन्या वस्त्यांत दगडी, ऐसपैस इमारती आहेत आणि पट मात्र दरवर्षी घसरतो. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत 30 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीसाठी 35 मागे एक असे प्रमाण ठरवले आहे. शहराची सरासरी काढली तर ते पाळलेले दिसेल. गोवंडीतल्या वर्गशिक्षिकेला त्या सरासरीचा काहीही उपयोग नाही.

भाषेचे वास्तव याहून गुंतागुंतीचे आहे. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत शाळा चालवणारी ही महापालिका आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण गेल्या दशकभरात पालकांचा ओघ इंग्रजीकडे वळला. 2010-11 च्या सुमारास पालिकेच्या मराठी शाळांत एक लाखावर मुले होती, दहा-अकरा वर्षांत ती तिसऱ्या हिश्शावर आली. ‘मुंबई पब्लिक स्कूल’ हे नाव धारण केलेल्या पालिकेच्याच इंग्रजी शाळांत प्रवेशासाठी गर्दी होते. तिथे पहिलीत बसलेल्या मुलाच्या घरी भोजपुरी, दखनी, मराठवाड्यातली मराठी किंवा तमिळ बोलली जाते. आईवडिलांनी इंग्रजी शाळा निवडली, त्यात त्यांची चूक नाही. आपल्यापेक्षा लेकराचे बरे व्हावे म्हणूनच ती निवड आहे. पण घरात इंग्रजीचा एक शब्द नसलेल्या मुलाला इंग्रजीतून गणित शिकवायचे तर पहिली दोन-तीन वर्षे भाषेचा पूल बांधणारे जादा शिक्षक लागतात, दोन भाषांत लिहिलेली पुस्तके लागतात, वर्ग लहान लागतो. त्यासाठी किती पैसे हवेत हे सांगण्यापूर्वी अशी मुले किती आणि कोणत्या शाळांत आहेत हे सांगावे लागेल.

आठवी संपल्यावर काय होते, हा प्रश्नही असाच. पालिकेच्या प्राथमिक शाळांच्या मानाने माध्यमिक शाळा फार थोड्या आहेत. चौदा वर्षे पूर्ण झाली की शिक्षण हक्क कायद्याचे छत्र संपते आणि नववीत पाऊल ठेवताच शालेय पोषण आहारही थांबतो. वाढत्या वयाच्या, सर्वांत जास्त भूक लागणाऱ्या मुलाचे जेवण नेमके तेव्हा बंद होते. धारावीतल्या तमिळ माध्यमाच्या आठवीतल्या मुलीला चालत जाता येईल अशा अंतरावर, तिच्या माध्यमात, नववीची जागा आहे का? धारावीच्या पुनर्विकासात तिचे कुटुंब दुसरीकडे गेले तर तिथे शाळा कोणती? होळीनंतर गावी गेलेली किती मुले जूनमध्ये परततात आणि किती कायमची हजेरीपटावरून गळतात? अर्थसंकल्पाने उत्तरे द्यायची ती या प्रश्नांची.

हे सारे नव्याने मागावे लागते आहे असेही नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 21 विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती नेमायला सांगते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत. कलम 22 पुढे जाऊन म्हणते की या समितीने शाळा विकास आराखडा करावा आणि सरकार किंवा स्थानिक प्राधिकरणाने आपल्या योजना व अनुदाने त्याच आराखड्याच्या आधारे ठरवावीत. केंद्राच्या 2010 च्या नियमांनी तपशीलही दिला: आराखडा तीन वर्षांचा, आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी तयार, आणि त्यात इयत्तावार पटाचा अंदाज, लागणारे जादा शिक्षक, इमारतीच्या गरजा, शाळेबाहेर राहिलेल्या मुलांच्या विशेष प्रशिक्षणाचा खर्च. विद्यार्थ्यांचे चित्र आणि त्याला चिकटलेला पैसा, दोन्ही एकाच कागदावर. म्हणजे कायद्याच्या मनात अर्थसंकल्प शाळेत जन्मतो आणि पालिका मुख्यालयात त्याची बेरीज होते. प्रत्यक्षात तो मुख्यालयात जन्मतो आणि शाळेत पोहोचतो तो वस्तूंच्या ट्रकमधून. समितीच्या बैठकीचे इतिवृत्त लिहिले जाते, आयांच्या सह्या घेतल्या जातात, आराखडा मुख्याध्यापकांच्या कपाटात राहतो. पालकांच्या हाती दिलेला एक खरा अधिकार असा फायलीत बंद होतो, याची कुणाला खंत वाटू नये हे आम्हाला अस्वस्थ करते.

माहिती नाही, ही सबब चालणार नाही. राज्याच्या ‘सरल’ प्रणालीत शिक्षक 2015 पासून मुलांची माहिती भरत आहेत. केंद्राच्या ‘यूडायस प्लस’मध्ये 2022-23 पासून एकेका विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते. मातृभाषा, सामाजिक प्रवर्ग, अपंगत्वाचा प्रकार, आदल्या वर्षी किती दिवस हजर होता, सगळे त्यात आहे. वर्गात शिकवण्याचा वेळ मोडून, नेट नसलेल्या शाळेतून स्वतःच्या मोबाइलचा डेटा खर्चून शिक्षकांनी ही माहिती भरली. ती वर जाते आणि तिथेच थांबते. ज्या शाळेने ती दिली तिच्याकडे जादा शिक्षक, समुपदेशक किंवा रॅम्प होऊन ती परत येत नाही.

जगात इतरत्र हे घडते का? घडते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात मोठी शहरे सोडली तर बहुतेक शालेय जिल्ह्यांचा अर्थसंकल्प दरवर्षी मे महिन्यातल्या तिसऱ्या मंगळवारी थेट मतदानाला टाकला जातो. तो प्रशासकीय, शैक्षणिक आणि भांडवली अशा तीन भागांत मांडावा लागतो आणि त्याला जिल्ह्याचे प्रगतिपत्रक जोडावे लागते. कॅलिफोर्नियाने 2013 मध्ये निधीचे सूत्रच बदलले. प्रत्येक मुलामागे मूळ रक्कम. मूल गरीब घरातले, इंग्रजी शिकत असलेले किंवा सरकारी पालकत्वाखालचे असेल तर त्यावर 20 टक्के जादा. अशी मुले एका जिल्ह्यात खूप असतील तर आणखी भर. बे एरियात स्थिरावलेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या मुलांचीही तिथल्या सरकारी शाळेत ‘घरी कोणती भाषा बोलता’ हे विचारून नोंद होते आणि त्यानंतरच्या चाचणीत जे मूल ‘इंग्रजी शिकणारे’ ठरते ते निधीच्या सूत्रात जादा मोजले जाते. अमेरिकेतली व्यवस्था सरसकट उचलावी असे आम्ही म्हणत नाही. तिथे शाळेचा पैसा मोठ्या प्रमाणावर स्थानिक मालमत्ता करातून येतो, त्यामुळे श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत राहते. हा दोष मुंबईच्या व्यवस्थेत नाही, कारण इथे सगळ्या विभागांचा पैसा एकाच तिजोरीत जमतो. मलबार हिलचा कर गोवंडीच्या वर्गखोलीवर खर्च करण्याची सोय आपल्याकडे आधीच आहे. ती वापरायची तर गोवंडीत काय हवे हे लिहून ठेवले पाहिजे.

एक आक्षेप मात्र खरा आहे. पैसा मुलांच्या नोंदीशी बांधला की नोंदी फुगतात. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, बोटाला शाई लावून मुले मोजली गेली आणि लाखो विद्यार्थी केवळ कागदावर असल्याचे उघड झाले. तुकड्या टिकवण्यासाठी, अनुदान लाटण्यासाठी ती नावे होती. हा धोका ओळखूनच आम्ही म्हणतो की शाळानिहाय चित्र सार्वजनिक करा. फसवणूक फोफावली ती नोंदी कार्यालयाच्या कुलपात होत्या म्हणून. आपल्या वस्तीतल्या शाळेत तिसरीत साठ मुले नाहीत हे तिथल्या पालकांइतके कुणाला कळणार? दुसरा धोका मुलांवर शिक्का बसण्याचा. त्यासाठी एकाही मुलाचे नाव, जात, आजार बाहेर येता कामा नये. शाळेची एकत्रित संख्याच छापावी, आणि एखाद्या प्रकारात दोन-तीनच मुले असतील तर तीही झाकावी. एवढी काळजी घेणे अवघड नाही.

1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी सरकारी शिक्षणाच्या हिशेबावर बोट ठेवले होते. महसूल राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, हे त्यांनी सरकारला सुनावले. पैसा कुणाचा आणि मूल कुणाचे, असा तो सरळ सवाल होता. पुढे 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने प्राथमिक शिक्षण हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले. त्या कर्तव्याचा जाब नगरसेवकांनी शिक्षण समितीत आणि सभागृहात विचारायचा असतो. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि 2023, 2024 व 2025 चे अर्थसंकल्प प्रशासकांनी मांडले, प्रशासकांनीच मंजूर केले. कोट्यवधींच्या खर्चावर सभागृहात एकाही नगरसेवकाने एक प्रश्न विचारला नाही, कारण विचारायला कुणी नव्हतेच. शिक्षण समितीत बसणाऱ्या प्रत्येक सदस्याने यापुढे आधी विद्यार्थ्यांचे चित्र मागावे, मगच तरतुदींवर बोलावे.

त्यासाठी नवा कायदा नको, नवे ॲप नको. ऑगस्टमध्ये पट स्थिरावतो. तेव्हापासून डिसेंबरपर्यंत पालिकेच्या प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापन समितीने आपला आराखडा करावा आणि तो मुलांच्या घरच्या भाषेत समजावून सांगितला जावा. विभागाच्या प्रशासकीय अधिकाऱ्याने जानेवारीत त्यांची बेरीज विभाग कार्यालयाच्या फलकावर लावावी. फेब्रुवारीत शिक्षणाचा अर्थसंकल्प येईल तेव्हा त्याच्या पहिल्या भागात प्रत्येक विभागाचे एक पान असावे: घरची भाषा आणि शाळेची भाषा, वर्गातली खरी पटसंख्या, अपंग मुले व त्यांच्यासाठी नेमलेले शिक्षक, हजेरी, आठवीतून नववीत गेलेली आणि न गेलेली मुले. एखाद्या विभागाची मागणी नाकारली असेल तर त्याचे कारणही तिथेच लिहावे. सगळ्या विभागांत एकदम जमत नसेल तर येत्या वर्षी एम-पूर्वपासून सुरुवात करावी. तिथल्या शाळांच्या समित्यांवर बसलेल्या आया सही करण्यापूर्वी कागद वाचून दाखवा म्हणतील, तेव्हा तो वाचून दाखवणे हे पालिकेचे काम आहे.