पट्टा नव्हे, सराव पाहा

कळंबोलीच्या पोलाद बाजारातून ट्रकांच्या रांगांमधून रात्री घरी परतणाऱ्या मुलीने कराटे शिकावे की ज्युदो, असे पालक विचारतात. आमच्या मते नावापेक्षा वर्गातला सराव पाहावा. हवेत ठोसे मारून मिळवलेला रंगीत पट्टा प्रसंगी कामी येत नाही. जोडीदार खरोखर प्रतिकार करतो का, हे पाहावे. ज्युदो, कुस्ती, मुष्टियुद्ध यांत तो करतो. जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युदो सुरू केला. सरावाच्या झटापटीतून त्यांनी घातक डाव वगळले, म्हणूनच पूर्ण जोर लावता येऊ लागला. ज्युदोत इजा न होता पडायलाही आधी शिकवतात. ते उतारवयातही उपयोगी पडते. मात्र कोणतीही विद्या शिका, सुटून पळणे, ओरडणे आणि ११२ क्रमांक लावणे हाच पहिला डाव.