निर्गंध किंशुक

गेल्या फाल्गुनांत औंढा नागनाथाचें दर्शन घेऊन मी एकटाच माळावरून नर्सीच्या वाटेस लागलों. दोहों बाजूंस वाळलेलें गवत. धोतरास पदोपदीं कुसळें लागत होतीं. मनुष्याचा शब्द नाहीं. वर कोठें चंडोल गात होता, तेवढाच.

ओढ्याकांठीं निष्पर्ण पळस फुलला होता. ‘हा शुक तर नव्हे?’ या शंकेवरून संस्कृतांत त्यास किंशुक म्हणतात. सुभाषितकार मात्र विद्याहीनास निर्गंध किंशुकाची उपमा देतात. तेंच सुभाषित म्हणून मीं एकदां एका मुलास भर वर्गांत हिणविलें होतें. तो पुन्हां शाळेंत आला नाहीं. मीहि त्याच्या घरीं गेलों नाहीं.

बाभळीखालीं बसून पाहतों, तों साळुंक्या, बुलबुल, शिंजीर यांची पळसावर दाटी! हीं पांखरें मकरंदासाठीं येतात व परागहि वाहून नेतात. त्यांस बोलावण्यास रंग पुरतो. गंध लागत नाहीं.

संतसभेंत कच्चें मडकें ठरलेल्या नामदेवांना विसोबा खेचरांनीं याच औंढ्यास बोध केला, अशी परंपरा आहे. घरोघरच्या वडीलधाऱ्यांस एवढीच विनंती कीं, मुलास एखाद्या झाडाची उपमा देण्यापूर्वीं त्या झाडाजवळ घटकाभर बसून यावें.