बुत्सुदानातील मॅकबेथ

निनागावा युकिओ यांनी १९८० मध्ये तोक्योच्या निस्सेई थिएटरात ‘मॅकबेथ’चा जो प्रयोग उभा केला, त्याची चर्चा आपल्याकडे झालीच तर ती सामुराई वेश आणि चेरीचा बहर यांपाशी थांबते. १९८५ मध्ये तो एडिंबरोला गेल्यानंतर तर परदेशी प्रेक्षकासाठी सजवलेली पौर्वात्यता, असाही आक्षेप त्यावर आला. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. पण तो प्रयोगाच्या गाभ्याला स्पर्श करीत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या प्रयोगात संहिता बदललेली नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. ओदाशिमा युशी यांच्या जपानी भाषांतरात मॅकबेथ मॅकबेथच राहतो, स्कॉटलंडही स्कॉटलंडच. ‘झुंझारराव’पासून (१८९०) नावेगावे बदलून परकी शोकात्मिका आपलीशी करण्याची जी रीत मराठी रंगभूमीने अंगीकारली, तिच्या हे नेमके उलट आहे. येथे शब्द परके राहतात आणि बदलते ती त्यांच्याभोवतीची चौकट.

ती चौकट म्हणजे बुत्सुदान. दिवंगत आप्तांच्या स्मरणासाठी जपानी घरात असणारा हा बौद्ध देव्हारा. निनागावांनी अवघा रंगमंचच असा देव्हारा केला. दोन वृद्धा येऊन त्याची दारे उघडतात आणि दोन्ही बाजूंना बसून राहतात. नाटक घडते ते आत. घरच्या देव्हाऱ्यासमोर बसून मृत पित्याशी व भावाशी मनोमन बोलत असताना ही कल्पना सुचली, असे निनागावा सांगत.

देव्हाऱ्यात असतात ती घरची माणसे. त्यामुळे मॅकबेथ हा दूरच्या देशातला खुनी राजा उरत नाही. ज्यांच्यापुढे रोज उदबत्ती लावायची, त्यांच्यापैकीच तो एक होतो. १९८० च्या तोक्योतील प्रेक्षागृहात महायुद्ध पाहिलेली पिढी बसलेली होती. त्यांच्या घरच्या बुत्सुदानांत युद्धात मेलेले होते. त्यांतल्या काहींनी मारलेही असणार. हा अन्वयार्थ माझा आहे, दिग्दर्शकाचा नव्हे. परंतु तो स्वीकारला की चेरीचा बहरही निव्वळ शोभेचा राहत नाही, कारण युद्धकाळात गळणारी चेरीची फुले ही सैनिकाच्या मरणाची अधिकृत प्रतिमा होती. (एडिंबरोच्या प्रेक्षकाला हे जाणवले नसेल; त्याला दिसले ते सौंदर्य. आक्षेपाचे मूळ येथेच असावे.)

याच्या शेजारी मियागी सातोशी यांची ‘अँटिगनी’ ठेवून पाहावी. २०१७ मध्ये आविन्यों महोत्सवाचे उद्घाटन पोपच्या राजवाड्याच्या प्रांगणात याच प्रयोगाने झाले. रंगमंचभर पाणी, भिंतीवर पडणाऱ्या प्रचंड सावल्या, बोलणारा नट वेगळा आणि हालचाली करणारा वेगळा, आणि अखेरीस पितरांसाठीचे बोन नृत्य. मृत्यूनंतर सारेच बुद्धरूप होतात, शत्रू-मित्र हा भेद उरत नाही, ही त्यामागील धारणा. दृश्य म्हणून हे अतिशय देखणे आहे. मात्र क्रेऑनचा सारा आग्रह प्रेताप्रेतांत भेद करण्याचा आहे. प्रयोगाच्या वातावरणानेच तो भेद आरंभी पुसून टाकला, तर अँटिगनीला झगडावे लागते कोणाशी? दोन सत्यांची टक्कर मावळते आणि उरतो तो सांत्वनाचा विधी. हेगेलला बाजूला ठेवूनही हा प्रश्न सुटत नाही.

बौद्ध संस्कार दोन्हीकडे आहेत. म्हणून ‘पौर्वात्य दृष्टी शोकात्मिकेला मारक असते’ हे आपल्या वर्गांतून अजूनही सांगितले जाणारे विधान टिकत नाही. मियागींचा विधी प्रेक्षकाला मृतांविषयी निश्चिंत करतो. निनागावांच्या देव्हाऱ्यापुढे हात जोडावे तर ते खुन्यालाही जोडले जातात, न जोडावे तर आपल्याच माणसाला पाठ फिरवल्यासारखे होते. त्या दोन वृद्धा अखेरपर्यंत बसून असतात आणि मग उठून दारे लावून घेतात.